हिरड्यांचा रोग आणि शरीरातील पहारेकरी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात चामटोली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरोग्यावर चार शब्द बोलावेत अशी मंडळाने आज्ञा केली, तेव्हा मी हृदयविकार, रक्तदाब असा एखादा भारदस्त विषय घेईन अशी आपल्यापैकी बहुतेकांची कल्पना झाली असावी. मी निवडला आहे हिरड्यांचा विषय. तो ऐकून मागच्या बाकांवर थोडे हसू उमटले, हे मी पाहिले आहे. हरकत नाही. परंतु या मंडपात पन्नाशी ओलांडलेले जे आहेत, त्यांनी जिभेने आपले दात एकदा मोजून पाहावेत, आणि मग माझे ऐकावे.

दात दुखू लागला म्हणजे मनुष्य अपरात्रीही डॉक्टरांचे दार ठोठावतो. हिरडी बहुधा दुखत नाही. ती थोडी लाल होते, घासताना थोडे रक्त येते, सकाळी तोंडाला वास येतो. आपण म्हणतो उष्णता झाली असेल, आणि दोन दिवस सब्जाचे सरबत पितो. अशी दहा-पंधरा वर्षे जातात. मग एके दिवशी भाकरीचा तुकडा मोडताना दात हलतो, पुढे तो हातात येतो, आणि पाहावे तो दात अगदी धडधाकट, त्याला कीड म्हणून कोठे नाही. दात बिघडला म्हणून पडला नाही. ज्या जमिनीत तो रोवलेला होता ती जमीनच खचली. यालाच आपल्याकडे पूर्वीपासून पायोरिया म्हणत आले आहेत. आपल्या प्राचीन वैद्यांना हा विकार चांगला ठाऊक होता. सुश्रुताने दातांच्या मुळाशी होणारे पंधरा रोग सांगितले आहेत. त्यांतील शीताद या रोगात हिरड्यांतून अकारण रक्त येते व दुर्गंधी सुटते, आणि दंतवेष्ट या रोगात पू व रक्त वाहून दात हलू लागतात असे वर्णन आहे. लक्षणे आजचीच. मात्र त्यामागे काय घडते हे कळण्यास डोळ्यांना दुसरे साधन मिळावे लागले.

ते साधन म्हणजे सूक्ष्मदर्शक भिंग. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा लेवेनहूक हा कापडाचा व्यापारी. विद्यापीठाची पायरी तो चढलेला नव्हता. भिंगे घासण्याचा मात्र त्याला विलक्षण नाद. १६८३ साली त्याने आपल्याच दातांच्या फटीतील पांढरा लगदा काढून भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे असंख्य जीव पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिले. मनुष्याने जीवाणू पाहिल्याची जी अगदी पहिली वर्णने उपलब्ध आहेत, त्यांत हे दातांच्या किटणाचे वर्णन आहे. आपण रोज सकाळी थुंकून टाकतो त्या वस्तूला विज्ञानाच्या इतिहासात असा मान आहे.

हे किटण म्हणजे अन्नाचे कण नव्हेत. अन्न चूळ भरल्याने निघून जाते. किटण म्हणजे जीवाणूंनी दाताच्या पृष्ठभागावर बांधलेली वस्ती होय. स्वतःच तयार केलेल्या चिकट पदार्थात ते रुतून बसतात, एकावर एक थर चढवितात, आणि लाळेतील क्षार त्यात साचून काही दिवसांनी तो थर दगडासारखा कठीण होतो. मग तो बोटाने काय, ब्रशानेही निघत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूस नख लावून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

केवळ या किटणाने हिरडी सुजते, हे सिद्ध कसे झाले? १९६५ साली डेन्मार्कमधील आऱ्हूस येथे हाराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा, पण धाडसी प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या बारा व्यक्तींनी, आणि यांत बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी होते, दात घासणे अजिबात बंद केले. दहा ते एकवीस दिवसांत त्या सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासण्यास आरंभ केला आणि थोड्याच दिवसांत त्या पूर्ववत झाल्या. मुलांना गणिताचा ताळा करून पाहण्यास आपण शिकवितो, त्यातलाच हा प्रकार: उत्तर काढले, आणि उलट करूनही तेच आले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी की ही पहिली अवस्था आहे आणि ती पूर्णपणे परतविता येते. दुसरी अवस्था परतविता येत नाही. तिच्याकडे आता वळू.

निरोगी हिरडी व दात यांच्यामध्ये एक ते तीन मिलिमीटरची बारीक फट असते. सूज वाढली, किटण आत उतरले, की ती फट चार, पाच, सहा मिलिमीटर खोल होत जाते. तेथे ना ब्रश पोहोचत ना हवा. हवा नाही म्हणून तेथे हवेवाचून जगणारे जीवाणू माजतात. त्यांपैकी तिघांचे त्रिकूट १९९८ साली अमेरिकेतील संशोधकांनी रोगग्रस्त फटींतून वेगळे ओळखले. त्यांतील प्रमुखाचे नाव पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिस. नाव जिभेला जड आहे. मी पुढे त्याला नुसते जिंजिव्हॅलिस म्हणेन. या जीवाणूला लोहाची भूक असते आणि ते लोह तो आपल्या रक्तातून मिळवितो. प्रयोगशाळेत रक्त घातलेल्या खाद्यावर वाढविला असता त्याच्या वसाहती काळ्या दिसतात. म्हणजे हिरडीतून रक्त येणे हे आपल्याला रोगाचे लक्षण वाटते, आणि त्याच्या दृष्टीने ते जेवणाचे ताट असते.

आता मुख्य प्रश्न. हाडाची जमीन खचते ती कोण खचवितो? बहुतेक लोक सांगतील, जंतू हाड खातात. ही समजूत बरोबर नाही. हाड झिजविण्याचे काम मुख्यत्वे आपल्याच शरीरातील पेशी करतात. हे कसे, ते समजावून घेण्यासाठी शरीरातील पहारेकऱ्यांची ओळख करून घेतली पाहिजे.

१८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे मेचनिकोफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिलात एक बारीक काटा टोचून ठेवला. सकाळी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींनी गराडा घातलेला. बाहेरचे काही शिरले की धावून जाणाऱ्या व त्याला गिळून टाकणाऱ्या या पेशींना आपण भक्षक पेशी म्हणू. या शोधासाठी १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. ओडेसा येथे याच मेचनिकोफच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी पुढे आपल्या मुंबईत आला, हे सांगण्याचा मोह मला आवरत नाही. त्याचे नाव हाफकिन. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा त्याने येथे लस तयार केली, जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि परळची हाफकिन संस्था आजही त्याचे नाव चालवीत आहे. असो, आपण हिरडीकडे परत येऊ.

आपल्या हिरडीत अशा भक्षक पेशी सदैव फिरत असतात. परंतु परका आणि घरचा हे त्या ओळखतात कशावरून? या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांहून अधिक काळ मिळत नव्हते. १९९६ साली फ्रान्समधील झ्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत फळांवर बसणाऱ्या चिलटांत असे दिसले की टोल नावाचे जनुक बिघडले असता चिलट बुरशीने मरते. १९९८ साली अमेरिकेतील ब्रूस बॉइटलर यांनी उंदरांत त्याच जातीचा ग्राहक शोधून काढला आणि तो जीवाणूंच्या कवचातील स्निग्ध पदार्थ ओळखतो असे दाखविले. दोघांनाही २०११ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. टोल हा जर्मन भाषेतील कौतुकाचा शब्द आहे. आपल्या रस्त्यांवरील टोलनाक्याशी त्याचा संबंध नाही, जरी काम नाक्याचेच असले तरी. भक्षक पेशीच्या पृष्ठभागावर असे निरनिराळे टोल-ग्राहक असतात. कोणी जीवाणूचे कवच ओळखतो, कोणी त्याच्या शेपटीचे प्रथिन. जिंजिव्हॅलिसची चाहूल मुख्यत्वे दुसऱ्या व चौथ्या क्रमांकाच्या ग्राहकांना लागते.

चाहूल लागली, पुढे काय? येथून आपण पेशीच्या आत शिरतो. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकात जनुकांचा तोच एक संपूर्ण ग्रंथ असतो. शाळेच्या प्रत्येक वर्गात एकसारखे कपाट ठेवावे आणि त्यात तीच सर्व पुस्तके असावीत, परंतु कोणत्या वर्गात कोणते पुस्तक उघडावयाचे ते मात्र वेगळे असावे, तसे हे आहे. डोळ्याच्या पेशीत जे पान उघडे असते ते यकृताच्या पेशीत मिटलेले असते. भक्षक पेशीत दाह पेटविणारी पाने एरवी मिटलेली असतात, आणि ती मिटलेली असणे आवश्यकही असते.

ती उघडणारा जो आहे त्याचे नाव एनएफ-कॅपा-बी. १९८६ साली अमेरिकेत डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत रंजन सेन यांनी तो शोधला. हे नाव ऐकून आपल्याला थोडा आनंद झाला तर त्यात वावगे नाही. एनएफ-कॅपा-बी हे प्रथिन पेशीत आधीच तयार असते, मात्र केंद्रकाच्या बाहेर, आणि दुसऱ्या एका प्रथिनाने त्याला धरून ठेवलेले असते. गावच्या कोतवालाला पाटलाने हाताला धरून बसवून ठेवावे, तसे. टोल-ग्राहकाला जीवाणूची चाहूल लागताच पेशीच्या आत एकाकडून दुसऱ्याकडे निरोप जातो, धरून ठेवणाऱ्या प्रथिनावर खूण केली जाते, त्या खुणेवरून ते मोडून टाकले जाते, आणि कोतवाल सुटतो. काही मिनिटांत तो केंद्रकात शिरतो, जनुकांच्या ग्रंथातील नेमक्या ठिकाणी जाऊन बसतो, आणि मिटलेली पाने उघडून त्यांची नक्कल सुरू होते. काही तासांत पेशीतून नवी प्रथिने बाहेर पडू लागतात: टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८. ही नावे पाठ करण्याचे कारण नाही. या सर्व दवंड्या आहेत एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. एक दवंडी रक्तवाहिन्यांना सांगते की रुंद व्हा, म्हणून हिरडी लाल होते. दुसरी सांगते की भिंती सैल करा, म्हणून ती सुजते. तिसरी आणखी भक्षक पेशींना हाक मारते.

या व्यवस्थेतील एक खुबी मला फार मनोज्ञ वाटते. एनएफ-कॅपा-बी जी पाने उघडतो, त्यांत त्याला धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचेही एक पान असते. म्हणजे सुटलेला कोतवाल दवंडी पिटता पिटता स्वतःला परत बसविणाऱ्या पाटलालाही बोलावणे धाडतो. पायात काटा मोडला, जंतू शिरले, भक्षक पेशींनी ते संपविले, चाहूल थांबली, कोतवाल पुन्हा जागेवर बसला, जखम भरली. सारे पाच-सहा दिवसांत आटोपते. हिरडीत मात्र चाहूल थांबतच नाही. किटण जागेवर, त्यातील जीवाणू जागेवर, रोज नवे. त्यामुळे कोतवाल बसतो न बसतो तोच पुन्हा सुटतो. महिनेच्या महिने, वर्षेच्या वर्षे दवंडी चालूच. आणि टीएनएफ व इंटरल्युकिन-१ यांची दवंडी दीर्घकाळ चालली की तिचा परिणाम अस्थिभक्षक पेशींवर होतो. या पेशींचे नेहमीचे काम जुने हाड काढून नव्याला जागा करून देण्याचे. घरदुरुस्तीचे गवंडीच म्हणा. सतत हाक येऊ लागली म्हणजे त्या संख्येने वाढतात आणि काढीतच सुटतात. बांधणारे मागे पडतात. दाताभोवतीचे हाड खचते ते असे. पेटलेल्या हिरडीपासून हाड दूर नेणे हाही शरीराचा एक बचावच असावा असे काही जाणकार मानतात. पण दात मात्र त्यात जातो.

जिंजिव्हॅलिसचे कपट याहून पुढचे आहे. पहारेकऱ्यांनी आपल्याला मारू नये, पण त्यांचा गोंधळ मात्र चालू राहावा, अशी त्याची सोय. दाह झाला की रक्तद्रव पाझरतो, ऊती तुटतात, आणि त्यातून त्याला अन्न मिळते. म्हणून तो आपल्या कवचातील स्निग्ध पदार्थाची घडण बदलू शकतो, जेणेकरून चौथ्या ग्राहकाला चकविता यावे. त्याच्याजवळ प्रथिने कापणारी विकरे आहेत. त्यांनी तो पहारेकऱ्यांची हत्यारे व निरोप तोडतो. शिवाय भक्षक पेशीला दोन वेगवेगळ्या ग्राहकांमधून एकाच वेळी असे संकेत देतो की गिळून मारण्याची क्रिया मंदावते आणि दाहाची चालू राहते. २०११ साली अमेरिकेतील हाजिशेंगालिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. तोंडातील एकूण जीवाणूंत जिंजिव्हॅलिसचे प्रमाण अत्यल्प असूनही त्याच्या येण्याने साऱ्या वस्तीचा तोल गेला आणि हाड झिजले. परंतु ज्या उंदरांच्या तोंडात दुसरे कोणतेच जीवाणू नव्हते, त्यांच्यात तो एकटा टिकून राहिला तरी हाड झिजले नाही. एखाद्या वाडीत एक कळलाव्या मनुष्य यावा, त्याने स्वतः काठी उचलू नये, आणि दोन महिन्यांत शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी कोर्टाची पायरी चढावी, असे दृष्टांत आपल्याला शोधावयास दूर जावे लागणार नाही.

मग सर्वांचेच दात का पडत नाहीत, असे कोणी विचारील. आमच्या आजोबांनी जन्मात ब्रश पाहिला नाही आणि नव्वदाव्या वर्षी ऊस खाल्ला, हे वाक्य प्रत्येक सभेत एकदा ऐकू येते. त्याचे उत्तर श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांतून मिळाले. वर सांगितलेल्या हाराल्ड लो यांनीच १९७० पासून पंधरा वर्षे तेथील ४८० मजुरांच्या हिरड्या वेळोवेळी तपासल्या. हे मजूर दात घासत नसत आणि त्यांना दंतवैद्याचे उपचारही मिळालेले नव्हते. किटण सर्वांच्याच दातांवर भरपूर. १९८६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की सुमारे ८ टक्के लोकांत रोग झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांत हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. आजोबा त्या ११ टक्क्यांत असतील. ते भाग्य नातवाला वारशाने मिळालेच असेल असे नाही, आणि आपण कोणत्या गटात आहो हे दात हलण्यापूर्वी आपले आपल्याला कळण्याचा मार्ग नाही.

हा दाह तोंडापुरता राहतो काय? येथे मला जपून बोलले पाहिजे, कारण या बाबतीत वर्तमानपत्रांतून वाटेल ते छापून येते. हृदयरोग व हिरड्यांचा रोग एकाच व्यक्तीत पुष्कळदा आढळतात, रक्तवाहिन्यांतील थरांत या जीवाणूंचे अंशही सापडले आहेत. परंतु हिरडी सुधारल्याने हृदयाचा झटका टळतो असे ठरलेले नाही. स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांच्या मेंदूत जिंजिव्हॅलिसची विकरे सापडल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झाले, मोठा गवगवा झाला. त्या विकरांना रोखणारे औषध रोग्यांना देऊन पाहिले, तर २०२१ साली अपेक्षित गुण दिसला नाही. मधुमेहाची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे संबंध पक्का आहे आणि दोन्ही बाजूंनी आहे. साखर वाढलेली असली की पहारेकरी अधिक चिडखोर बनतात, जखम भरत नाही, हिरडीचा रोग बळावतो. उलट हिरडीतून रक्तात उतरणाऱ्या त्या दवंड्या इन्शुलिनच्या कामात अडथळा आणतात. हिरड्यांवर नीट उपचार केल्यास तीन-चार महिन्यांत एचबीए१सी हा साखरेचा आकडा सरासरीने सुमारे ०.४ ने उतरतो, असे पस्तीस चाचण्यांच्या एकत्रित पाहणीत २०२२ साली दिसून आले. आकडा लहान वाटेल. पण ज्या घरी दर महिन्याला औषधांचे बिल भरावे लागते तेथे तो लहान नाही. आपल्या ज्ञातीत मधुमेह नाही असे घर आता विरळाच, हे मी सांगावयास नको.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय मुद्दाम निवडला तिच्याकडे येतो. मशेरीचा उल्लेख व्यासपीठावरून नको, भगिनींना अवघडल्यासारखे होईल, असे दोन-तीन ज्येष्ठांनी मला प्रेमाने सुचविले होते. त्यांचा मान राखूनही मी बोलणार आहे. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजावी, कुटावी, डबीत भरावी आणि सकाळी चुलीपाशी बसून दातांना लावावी, ही आपल्या घरांतील पिढ्यान् पिढ्यांची चाल. सासूबाई लावतात म्हणून सून लावू लागते. पुरुष मंडळी तंबाखू मळतात किंवा विडी ओढतात तिला व्यसन म्हणतात, आणि बायकांच्या मशेरीला दंतमंजन. हा भेद मला कधीच पटलेला नाही. भगिनींनो, आपल्याला कोणी दोष देत नाही. दात दुखत होता, वैद्य दूर होता, हाती पैसा नव्हता, मशेरीने बधिरता येऊन चार घटका काम करता आले, आणि पुढे ती सुटेनाशी झाली. पण तिचे खरे स्वरूप कळले पाहिजे. तंबाखूतील निकोटिन रक्तवाहिन्यांना आकुंचित करते, त्यामुळे रोगट हिरडीतूनही रक्त कमी येते. धूम्रपान करणाऱ्यांच्या बाबतीत हे निश्चितपणे दिसले आहे. मशेरी लावल्याने रक्त थांबले, हिरडी घट्ट झाली, असे जे आपल्याला वाटते त्याचा अर्थ एवढाच की घराला लागलेल्या आगीचा धूर दिसेनासा झाला. आत हाड झिजतच असते. शिवाय जेथे मशेरी धरून ठेवावी तेथील हिरडी खाली सरकून दाताचे मूळ उघडे पडते, आणि तोंडाचा कर्करोग तो वेगळाच. मुंबईत १२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की धूरविरहित तंबाखू, आणि त्यात मशेरीच अधिक, वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरीने १०५ ग्रॅम कमी भरले. दातांच्या पावडरीत व पेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी केली, महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. परंतु आपल्याच तव्यावर भाजलेल्या मशेरीला कोणता शिपाई पकडणार? ते काम घरातच होण्यासारखे आहे. सुनेला मशेरीची डबी देऊ नये एवढे जरी सासूबाईंनी ठरविले तरी एक पिढी सुटेल. स्वतःची सवय सोडणे वृद्धपणी कठीण जाते, हे मी समजू शकतो.

राखुंडीविषयी विचाराल तर तिच्यात तंबाखू नसेल तर ती मशेरीइतकी घातक नाही, पण खरखरीत असल्याने दाताचे पाणी उतरविते. बाभळीची वा कडुनिंबाची काडी चांगली. मात्र ती चावून मऊ कुंचली करून हिरडीच्या कडेने फिरविली पाहिजे. लाकडासारखी घासल्यास हिरडी सोलवटते. मऊ ब्रश सर्वांत सोयीचा. तो दात व हिरडी यांच्या सांध्यावर थोडा तिरपा धरून हळूहळू फिरवावा, आणि रात्री निजण्यापूर्वी अवश्य घासावे. घासताना रक्त आले की लोक तेथे घासणे सोडून देतात. नेमक्या त्याच जागी किटण असते. तेथे अधिक काळजीने घासावे, म्हणजे आठ-दहा दिवसांत रक्त कमी होऊ लागते. न झाल्यास दंतवैद्याला दाखवावे.

कठीण झालेले किटण काढण्यास दंतवैद्यच हवा. मशीनने दात साफ केले की ते सैल होतात, ही समजूत आपल्याकडे फार पसरलेली आहे. खरी गोष्ट अशी की हाड आधीच झिजलेले असते आणि किटणाच्या दगडाने दात एकमेकांना जखडून उभे राहिलेले असतात. तो दगड निघाला, सूज ओसरली, की फटी दिसतात आणि खरी स्थिती कळते. पडक्या भिंतीवरचा वेल काढला म्हणून भिंत पडकी झाली, असे कोणी म्हणत नाही. वरचा दात काढला की दृष्टी जाते हाही भ्रमच. दाताच्या व डोळ्याच्या नसा वेगळ्या आहेत. खर्चाची अडचण असेल त्यांनी ध्यानात ठेवावे की मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेचे, १९३३ पासून चालत आलेले नायर दंत महाविद्यालय आहे. तेथे अनुभवी अध्यापकांच्या देखरेखीखाली अल्प शुल्कात उपचार होतात. बदलापूरहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला थेट लोकल आहे. फक्त रांगेसाठी सकाळची लवकरची गाडी धरावी. मधुमेहाच्या रोग्यांनी आपल्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्यावी, आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू असल्यास ती आपल्या मनाने बंद न करता तेथे आधी सांगावी.

मंडळाच्या पदाधिकाऱ्यांपुढे माझी एक सूचना आहे. गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारावर आपण शाल-श्रीफळांचा जो खर्च करतो, त्यातून थोडा वाचवून येत्या हळदीकुंकवाच्या दिवशी भगिनींसाठी दंततपासणी ठेवावी. त्या दिवशी त्या जमतातच, आणि पुरुषमंडळी जवळपास नसल्याने मशेरीविषयी मोकळेपणाने बोलतील. तपासणीस स्त्री-दंतवैद्य मिळाल्यास उत्तम.

व्याख्यानापूर्वी आलेल्या चिठ्ठ्यांपैकी एकीचे उत्तर राहिले आहे. एका आजींनी विचारले आहे की सगळे दात पडून गेले, कवळी बसविली, आता आम्हांला यातले काय लागू? आजी, दात नाहीत म्हणजे त्या खोल फटीही नाहीत, तेव्हा हा रोग आपल्यापुरता मिटला. परंतु किटण कवळीवरही बसते. ती रात्री काढून ठेवावी, घासावी, पाण्यात बुडवून ठेवावी, आणि हिरड्या ओल्या मऊ फडक्याने पुसाव्यात. कवळी कोठे टोचत असेल व ती जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर मुलाला सांगून डॉक्टरकडे जावे. मशेरी लावीत असाल तर अधिकच लवकर.